लहान कार्यालयाचे नेटवर्क : कोणती सेवा कोणत्या पोर्टवर चालते आणि बिघाड कसा शोधावा

‘नेट चालत नाही’ ही तक्रार ऐकायला एकच असली, तरी तिच्यामागे निरनिराळ्या सेवांचे निरनिराळे बिघाड दडलेले असतात. इंदूरच्या सियागंजातील घाऊक व्यापाऱ्याची पेढी घ्या, रामबागेतील सनदी लेखापालांचे कार्यालय घ्या किंवा एखाद्या मराठी मंडळाचे ग्रंथालय घ्या. चित्र साधारण सारखेच दिसते. पाच-दहा संगणक, त्यातला जरा बरा संगणक सर्व्हर म्हणून बाजूला ठेवलेला, त्यावर टॅली, एक-दोन नेटवर्क प्रिंटर, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि या सगळ्यांना जोडणारा, ब्रॉडबँडवाल्याने बसवून दिलेला राउटर. या नेटवर्कची जबाबदारी बहुधा पूर्णवेळ तंत्रज्ञावर नसते. ‘तुम्हाला संगणकातले कळते ना, मग तुम्हीच बघा’ असे म्हणून ती कोणावर तरी सोपवलेली असते. हे टिपण त्या व्यक्तीसाठी आहे.

पोर्टांची यादी पाठ करण्याचा फारसा उपयोग होत नाही, असे माझे मत आहे. क्रमांक कुठेही सापडतात; विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ फोल्डरातील ‘ड्रायव्हर्स’ आणि त्यातील ‘ईटीसी’ या उपफोल्डरात ‘सर्व्हिसेस’ नावाची साधी मजकूर फाइल असते, तिच्यातही त्यांची नोंद असते. खरा उपयोग होतो तो प्रत्येक सेवेविषयी तीन गोष्टी ठाऊक असण्याचा : ती कोणत्या यंत्रावर वाट पाहत बसलेली आहे, तिच्याकडे कोण जाते, आणि मधल्या वाटेवर तिला कोण अडवू शकते.

पोर्ट म्हणजे नेमके काय

आयपी पत्ता पॅकेटला, म्हणजे पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याला, यंत्रापर्यंत पोहोचवतो. त्या यंत्रावर चालणाऱ्या अनेक प्रोग्रॅमांपैकी ते कोणाच्या हाती द्यायचे, हे पोर्टचा क्रमांक ठरवतो. हा क्रमांक सोळा बिटांचा असल्यामुळे ० ते ६५५३५ या मर्यादेत असतो. त्यातील ० ते १०२३ हे क्रमांक प्रस्थापित सेवांसाठी, १०२४ ते ४९१५१ हे नोंदणी करून घेणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी आणि ४९१५२ पासून पुढचे तात्पुरत्या वापरासाठी, अशी वाटणी आयाना ही संस्था सांभाळते. ब्राउझर एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा समोरचा पोर्ट ४४३ असतो, पण आपल्या बाजूचा पोर्ट या तात्पुरत्या क्रमांकांपैकी कोणताही असतो आणि दर वेळी बदलतो. त्यामुळे फायरवॉलमध्ये, म्हणजे पॅकेट सोडायचे की अडवायचे हे ठरवणाऱ्या व्यवस्थेत, नियम लिहिताना क्रमांक नेहमी समोरच्या, म्हणजे सेवा देणाऱ्या बाजूचा लिहायचा. नवख्या माणसाने केलेल्या निम्म्या नियमांत हीच गफलत सापडते.

क्रमांकाइतकेच महत्त्व तो टीसीपीचा आहे की यूडीपीचा, याला आहे. हे पॅकेट पोहोचवण्याचे दोन प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेल्या पद्धती, आहेत. टीसीपी आधी जोडणी जुळवतो, पोहोच घेतो, हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवतो. यूडीपी नुसते पाठवून मोकळा होतो. टीसीपी ५३ आणि यूडीपी ५३ हे दोन वेगळे पोर्ट आहेत, आणि एक उघडल्याने दुसरा उघडत नाही. पिंग, म्हणजे ‘यंत्र जागे आहे का’ हे विचारणारी चाचणी, मात्र या दोहोंपैकी काहीच वापरत नाही. तो आयसीएमपी या वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतो आणि त्याला पोर्टच नसतो. म्हणून पिंगला उत्तर मिळाले तर यंत्र जागे आहे इतकेच कळते, त्यावरची सेवा चालू आहे असे नव्हे. आणि उत्तर आले नाही म्हणून यंत्र बंद आहे, असेही म्हणता येत नाही.

क्रमांक ही केवळ रूढी आहे, सक्ती नाही, हेही लक्षात ठेवावे. वेब सर्व्हर ८०८० वर चालवता येतो, आणि ४४३ वर भलतेच काहीतरी चालू असू शकते.

सकाळी संगणक सुरू झाल्यापासून

संगणक चालू होताच तो पहिल्यांदा पत्ता मागतो. हे काम डीएचसीपीचे असून त्यात सर्व्हर यूडीपी ६७ वर आणि मागणारा यूडीपी ६८ वर असतो. कार्यालयात ही सेवा बहुधा राउटरच देतो. एखाद्या संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर त्याला डीएचसीपीकडून उत्तर मिळालेले नाही आणि त्याने स्वतःच पत्ता लावून घेतला आहे, असे समजावे; मग केबल, स्विचचे तोंड आणि राउटर याच क्रमाने पाहावे. याच्या उलट बिघाड जास्त त्रास देतो. कोणीतरी घरचा जुना राउटर वायफायसाठी म्हणून आणून जोडतो, तोही पत्ते वाटू लागतो, आणि निम्मे संगणक एका जाळ्यात व निम्मे दुसऱ्या जाळ्यात जाऊन बसतात. असा दुसरा राउटर वापरायचाच असेल, तर त्याची डीएचसीपी सेवा बंद करून मगच जोडावा.

पत्ता मिळाल्यावर नावाचा आयपी पत्ता शोधण्याचे काम डीएनएसकडे जाते. ते मुख्यतः यूडीपी ५३ वर चालते. उत्तर मोठे असेल तर टीसीपी ५३ लागतो, म्हणून दोन्ही मोकळे असावेत. ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला केलेल्या पिंगचे उत्तर येते पण कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही, हे डीएनएस बिघडल्याचे नेहमीचे लक्षण होय. खात्रीसाठी ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा द्यावी. मात्र हल्लीचे काही ब्राउझर नावे शोधण्याचे काम ४४३ वरून, कूटबद्ध स्वरूपात करू शकतात. त्यामुळे एका ब्राउझरात सगळे उघडते आणि दुसऱ्यात काहीच नाही, असा चमत्कारिक प्रकार दिसतो आणि लोक ब्राउझर पुन्हा बसवत बसतात.

संकेतस्थळांचे पोर्ट सर्वांना माहीत असतात : साधे एचटीटीपी ८० वर, कूटबद्ध एचटीटीपीएस ४४३ वर. नवी भर एवढीच की २०२२ मध्ये प्रमाणित झालेली एचटीटीपीची तिसरी आवृत्ती यूडीपी ४४३ वापरते. तो अडला तर ब्राउझर मुकाट्याने टीसीपीवर येतो.

वेळ जुळवणारी एनटीपी ही सेवा यूडीपी १२३ वर असते. तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असेल, तर वीज जाऊन आल्यावर त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते, संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि बँकेपासून जीएसटीपर्यंत सगळी संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणू लागतात. अशा वेळी राउटरला हात लावण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळ पाहावे.

ईमेल

ईमेलमध्ये पाठवणे आणि आणणे या दोन वेगळ्या सेवा आहेत. आणण्यासाठी आयमॅप किंवा पॉप हे प्रोटोकॉल असून त्यांचे कूटबद्ध पोर्ट अनुक्रमे ९९३ आणि ९९५ आहेत. १४३ आणि ११० हे त्यांचे जुने पोर्ट आज वापरू नयेत. पाठवण्यासाठी एसएमटीपी आहे, आणि घोळ इथे होतो. २५ हा पोर्ट एका मेल सर्व्हरने दुसऱ्या मेल सर्व्हरला पत्र देण्यासाठी आहे; आपल्या संगणकावरून पत्र सोडण्यासाठी ५८७ किंवा ४६५ वापरायचा असतो. नको असलेली पत्रे रोखण्यासाठी अनेक ब्रॉडबँडवाले ग्राहकाकडून बाहेर जाणारा २५ बंदच ठेवतात. त्यामुळे स्कॅन केलेला कागद थेट ईमेल करणारे जुने यंत्र जर २५ वर लावलेले असेल, तर ते कितीही वेळा सुरू-बंद करून उपयोग नाही. पोर्ट ५८७ करावा आणि कूटबद्धतेचा पर्याय चालू करावा. जीमेलचे खाते वापरत असल्यास, मे २०२२ च्या अखेरीपासून असल्या यंत्रांत नेहमीचा पासवर्ड चालत नाही. द्विस्तरीय पडताळणी चालू करून अॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

फाइली, प्रिंटर आणि टॅली

कार्यालयाचा खरा कणा हाच आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

विंडोजमधील सामायिक फोल्डर एसएमबी या प्रोटोकॉलने चालतात आणि त्यांचा पोर्ट टीसीपी ४४५ आहे. १३७ व १३८ हे यूडीपीचे आणि १३९ हा टीसीपीचा पोर्ट जुन्या नेटबायॉसचे; आजच्या विंडोजला त्यांच्यावाचून काही अडत नाही.

राउटर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी हमखास येणारी तक्रार अशी : इंटरनेट व्यवस्थित आहे, पण सर्व्हरवरचा ‘झेड’ ड्राइव्ह उघडत नाही. नवा राउटर म्हणजे विंडोजच्या दृष्टीने नवे नेटवर्क. ते त्याला ‘पब्लिक’ वर्गात टाकते, आणि त्या वर्गात फाइल व प्रिंटर सामायिक करण्याचे नियम फायरवॉलने बंद ठेवलेले असतात. सर्व्हर म्हणून वापरल्या जाणाऱ्या संगणकावर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ केले, की ड्राइव्ह लगेच दिसू लागतो. अशा वेळी घाईत फायरवॉल पूर्ण बंद करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तिने काम भागते खरे, पण त्या संगणकावरचे सगळेच पोर्ट उघडे पडतात आणि फायरवॉल पुन्हा चालू करायची आठवण कोणाला राहत नाही.

पोर्ट उघडा असूनही सेवा चालत नाही, असेही होते. फोल्डरात स्कॅन टाकणारी जुनी यंत्रे एसएमबीची पहिलीच आवृत्ती जाणतात. २०१७ च्या उत्तरार्धातल्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये त्या पहिल्या आवृत्तीचा सर्व्हर मुळातच नसतो. संगणक बदलला आणि स्कॅन येणे थांबले, याचे कारण बहुधा हे असते. ती जुनी आवृत्ती हट्टाने परत बसवू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने याच पहिल्या आवृत्तीतील दोष वापरून ४४५ वरून एका संगणकातून दुसऱ्यात शिरकाव केला होता. त्यापेक्षा स्कॅन ईमेलने पाठवावे, किंवा यंत्रात सोय असेल तर एफटीपीने, म्हणजे पोर्ट २१ वरून, फक्त कार्यालयाच्या आतच घ्यावे.

नेटवर्क प्रिंटर साधारणपणे टीसीपी ९१०० वर कागदाचा मजकूर जसाच्या तसा स्वीकारतो. आयपीपी हा अधिक नीटनेटका प्रोटोकॉल ६३१ वर आणि जुना एलपीडी ५१५ वर असतो. प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसण्यामागे पोर्टचा दोष क्वचितच असतो. वीज गेल्यावर प्रिंटरला डीएचसीपीकडून नवा पत्ता मिळालेला असतो आणि संगणक अजून जुन्या पत्त्याच्या ९१०० वर कागद पाठवत असतो, हेच खरे कारण. प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला, की ही कटकट कायमची मिटते.

टॅलीची गंमत अशी, की ‘टॅली उघडत नाही’ या एका वाक्यात दोन वेगळे पोर्ट दडलेले असतात. परवाना देणारी सेवा प्रचलित मांडणीत ९९९९ वर असते, तर हिशेबाच्या फाइली सामायिक फोल्डरात ठेवलेल्या असतील तर त्या ४४५ वरून येतात. टॅली सुरू होऊन ‘एज्युकेशनल’, म्हणजे विनापरवाना सरावापुरती, म्हणून उघडत असेल, तर ९९९९ कडे पाहावे. परवाना बरोबर दिसतो पण कंपनी सापडत नाही, असे असेल तर ४४५ कडे. दुसरा एखादा प्रोग्रॅम टॅलीतून माहिती घेत असेल, तर त्याचा प्रचलित पोर्ट ९००० आहे. असे लक्षण नीट ऐकले, तर निम्मे निदान फोनवरच होते. ‘ताई, वरच्या कोपऱ्यात काय लिहून आलंय ते वाचून सांगा बरं’ एवढे विचारले तरी एक फेरी वाचते.

याशिवाय दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमागे डेटाबेस असतो : एसक्यूएल सर्व्हर १४३३ वर, मायएसक्यूएल ३३०६ वर, पोस्टग्रेस ५४३२ वर. एसक्यूएल सर्व्हरला वेगळे नाव देऊन बसवले असेल, तर त्याचा पोर्ट बदलता असू शकतो आणि तो सांगणारी सेवा यूडीपी १४३४ वर असते. १४३३ उघडूनही जोडणी होत नाही, तेव्हा ही गोष्ट तपासावी.

बिघाड शोधण्याचा क्रम

आधी सर्व्हरवरच बसून सेवा खरोखर वाट पाहत आहे का, ते पाहावे. विंडोजवर ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ए, एन आणि ओ हे पर्याय लावून द्यावी. लिनक्सवर ‘एसएस’ ही आज्ञा टी, यू, एल, एन आणि पी हे पर्याय लावून द्यावी. आलेल्या यादीत आपला पोर्ट ‘लिसनिंग’ किंवा ‘लिसन’ या अवस्थेत दिसला पाहिजे. न दिसल्यास सेवाच बंद आहे. फायरवॉलशी झगडण्यात अर्थ नाही. दिसल्यास त्याच ओळीतील पत्ता वाचावा, कारण बहुतेक लोक नेमके इथे घाई करतात. ०.०.०.० असेल तर सेवा यंत्राच्या सर्व पत्त्यांवर उपलब्ध आहे, १२७.०.०.१ असेल तर ती फक्त त्याच यंत्रातून येणाऱ्यांना उत्तर देईल आणि शेजारच्या संगणकाला कधीच सापडणार नाही. उबंटूवर बसवलेला मायएसक्यूएल सुरुवातीला असाच असतो.

मग दुसऱ्या संगणकावरून दार ठोठावून पाहावे. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा सर्व्हरचा पत्ता आणि ‘पोर्ट’ या पर्यायापुढे क्रमांक घालून दिली, की शेवटच्या ओळीत टीसीपीची चाचणी ‘ट्रू’ की ‘फॉल्स’ ते कळते. पूर्वी हे काम टेलनेट या आज्ञेने करत, पण विंडोजमध्ये ते आता मुद्दाम बसवावे लागते. नकार कसा आला, यातही माहिती असते. जोडणी ताबडतोब नाकारली गेली, तर पॅकेट यंत्रापर्यंत पोहोचले आहे आणि त्या पोर्टवर बहुधा कोणीच बसलेले नाही. बराच वेळ थांबून ‘टाइम आउट’ आले, तर वाटेत फायरवॉलने पॅकेट गिळले आहे किंवा पत्ताच चुकला आहे. पहिल्या प्रकारात सेवेकडे जावे, दुसऱ्यात फायरवॉल व पत्त्याकडे.

ही चाचणी यूडीपीला लागू पडत नाही. उघडा यूडीपी पोर्टही अनोळखी पॅकेटला उत्तर देईलच असे नसते, म्हणून तिथे त्या-त्या सेवेलाच खरा प्रश्न विचारावा : डीएनएससाठी ‘एनएसलुकअप’, डीएचसीपीसाठी ‘आयपीकॉन्फिग’ला ‘रिन्यू’ हा पर्याय.

संपूर्ण नेटवर्कवर काय-काय उघडे आहे हे एकदम पाहायचे असेल, तर एनमॅप हे साधन उत्तम. मात्र ते केवळ स्वतःच्या किंवा मालकाने लेखी परवानगी दिलेल्या नेटवर्कवर चालवावे. परवानगीविना दुसऱ्याच्या यंत्रात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येते, आणि ‘नुसते पाहत होतो’ हे उत्तर समोरच्याला पटेलच असे नाही.

बाहेरच्या जगासाठी काय उघडावे

लहान कार्यालयाने राउटरवर बाहेरून आत येणारा एकही पोर्ट शक्यतो उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर सांगितलेल्या बहुतेक सेवा एक तर आतल्या आत चालतात, नाहीतर आतून बाहेर जातात. बाहेर गेलेल्या मागणीचे उत्तर राउटर आपोआप आत सोडतो, त्यासाठी वेगळा नियम लागत नाही.

मोह होतो तो दोन ठिकाणी. पहिला, घरून कार्यालयाचा संगणक वापरण्यासाठी रिमोट डेस्कटॉपचा ३३८९. हा पोर्ट इंटरनेटवर उघडला, की एकामागून एक पासवर्ड लावून पाहणारे प्रोग्रॅम त्यावर अखंड येऊ लागतात. क्रमांक बदलून ३३९० केल्याने ते फसत नाहीत, कारण पोर्ट तपासणारे प्रोग्रॅम सगळेच पोर्ट पाहतात. त्याऐवजी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयापर्यंतची कूटबद्ध खासगी वाट, लावावा. वायरगार्ड प्रचलित मांडणीत यूडीपी ५१८२० वर आणि ओपनव्हीपीएन यूडीपी ११९४ वर चालतो. वायरगार्ड तर किल्ली नसलेल्याला उत्तरच देत नाही, म्हणून उघडायचाच असेल तर असा एक पोर्ट उघडावा आणि रिमोट डेस्कटॉप त्याच्या आतून वापरावा.

दुसरा मोह कॅमेऱ्यांचा. मालकांना मोबाइलवर दुकान पाहायचे असते आणि बसवणारा कारागीर डीव्हीआरचे ८०, ५५४ आणि कंपनीचा खास पोर्ट असे सगळे राउटरवर उघडून, मूळ पासवर्ड तसाच ठेवून निघून जातो. २०१६ च्या मिराय या घातक प्रोग्रॅमच्या प्रकरणात अशाच कॅमेरा व डीव्हीआर यंत्रांत टेलनेटच्या २३ वरून, कारखान्यातले ठरावीक पासवर्ड वापरून शिरकाव करण्यात आला होता. आज बहुतेक डीव्हीआर स्वतःच आतून बाहेर जोडणी करून मोबाइलला चित्र देतात, तेव्हा पोर्ट उघडण्याची गरज उरत नाही. राउटरमधील यूपीएनपी ही सोयही बंद करावी. ती चालू असेल, तर आतले कोणतेही यंत्र न विचारता पोर्ट उघडून घेऊ शकते.

कधीकधी सगळे नियम बरोबर असूनही बाहेरून काहीच आत येत नाही. राउटरच्या स्थितीच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, तर ब्रॉडबँडवाल्याने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे, आणि आपल्या राउटरवर कितीही खटपट केली तरी पोर्ट उघडणार नाही. त्याच्याकडून स्थिर पत्ता विकत घेणे किंवा बाहेरच्या सर्व्हरमार्गे व्हीपीएन करणे, एवढेच पर्याय उरतात.

नोंदवही

हे सर्व एकदा शोधून झाले, की लिहून ठेवावे. प्रत्येक सेवेसाठी एक ओळ पुरते : सेवेचे नाव, यंत्राचा पत्ता, टीसीपी की यूडीपी, पोर्ट, कोणाला तिच्याकडे जाण्याची मुभा आहे, नियम कोणी, का आणि कोणत्या तारखेला घातला. उदाहरणार्थ, ‘टॅली परवाना, १९२.१६८.१.१०, टीसीपी, ९९९९, फक्त हिशेब विभागाचे संगणक’. ज्याचे कारण लिहिलेले नाही तो नियम काढायची पुढच्या माणसाची हिंमत होत नाही आणि असे नियम साचत जातात, म्हणून कारणाचा रकाना रिकामा सोडू नये. वर्षातून एकदा, मार्चअखेरची धावपळ संपल्यावर, राउटर व फायरवॉलमधील नियम या वहीशी ताडून पाहावेत आणि ज्याला धनी नाही तो नियम आधी बंद करून, आठवडाभर कोणाची तक्रार न आल्यास काढून टाकावा.

शिरकाव झाल्याचा संशय आलाच, तर ही वही आणि राउटरच्या नोंदी लगेच लागतात : सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशा घटनेची माहिती सहा तासांत कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. वहीची एक प्रत छापून स्विचच्या पेटीत ठेवावी. नेटवर्क बंद पडलेले असताना सामायिक फोल्डरातील फाइल उघडता येत नाही.